विकत घेणार म्हणतात, पण नेमकं काय विकत घेणार?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या लिस्टेड कंपनीचे १२०० शेअर तुमच्याकडे आहेत, सरासरी ६२ रुपयांनी घेतलेले. पंधरवड्यापूर्वी भाव ७१ होता. मग टेलिग्रामच्या एका ग्रुपवर मेसेज फिरला की एक बडी कंपनी हिला विकत घेणार, 'ॲपलने ऑथेंटेकला घेतलं तसंच होणार'. लागोपाठ पाच दिवस अप्पर सर्किट लागलं, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जेवढा चढू देतात तिथे जाऊन अडकला, आणि भाव ९० च्या वर गेला. आता तुम्ही विचारताय की बायआउट, म्हणजे ही खरेदी, खरंच होईल का, आणि आणखी ८०० शेअर घेऊ का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या कंपनीची मी वही पाहिलेली नाही, तिचा एकही शेअर माझ्याकडे नाही, त्यामुळे 'घ्या' किंवा 'विका' असं मी सांगणार नाही. माझं काम १९ वर्षं एकच होतं: एखादी कंपनी दुसऱ्या कंपनीला घ्यायची असली की आधी जाऊन तिची कुंडली तपासायची. त्यात ठसे, चेहरा, डोळ्याची बुबुळं अशा बायोमेट्रिक धंद्यातल्याही काही कंपन्या आल्या. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा खरा प्रश्न 'होईल का' हा नाहीच. ९० रुपये मोजून तुम्ही नेमकं काय विकत घेताय, हा आहे. आणि घेणारा जर खरंच असेल, तर तो नेमकं काय विकत घेणार आहे, हा त्याच्या आधीचा.

ऑथेंटेकचं उदाहरण तुमच्या ग्रुपवाल्यांनी दिलंय, तर तेच नीट बघू. कारण ते अर्धंच सांगितलं जातं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या मेलबर्न गावची ही कंपनी, १९९८ मध्ये हॅरिस कॉर्पोरेशनमधून वेगळी झालेली. लॅपटॉपवर बोट फिरवून उघडायची जी पट्टी असायची, तसले सेन्सर ती बनवायची. २०११ मध्ये मोटोरोलाच्या ॲट्रिक्स फोनच्या पाठीवर तिचाच सेन्सर होता. जुलै २०१२ मध्ये ॲपलने तिला शेअरमागे ८ डॉलर, एकूण सुमारे ३५.६ कोटी डॉलर देऊ केले. आदल्या दिवसाचा बंद भाव होता ५.०७ डॉलर. म्हणजे बाजारभावाच्या वर ५८ टक्के, ज्याला प्रीमियम म्हणतात. मेसेजमध्ये हा आकडा ठळक टायपात येतो. सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोन ५एस आला, त्याच्या होम बटणात टच आयडी, म्हणजे ठशाने फोन उघडायची सोय, होती, आणि सगळ्यांना कळलं की खरेदी कशासाठी होती.

आता न सांगितलेला भाग. ऑथेंटेकचा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिली शेअरविक्री, आला होता २००७ मध्ये, ११ डॉलरला. म्हणजे ज्याने आयपीओत शेअर घेऊन पाच वर्षं धीर धरला, त्याला इतकं गाजलेलं बायआउट होऊनही तोटाच झाला. 'कंपनी विकली गेली' आणि 'मला पैसे मिळाले' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यांच्यामध्ये तुमचा खरेदीभाव उभा असतो.

दुसरं, त्या ५८ टक्क्यांकडे उलट बाजूने बघा. एवढा प्रीमियम शिल्लक राहिला याचा अर्थ बाजाराला वास लागलेला नव्हता. नंतर कंपनीने भागधारकांना पाठवलेल्या कागदपत्रांत दिसलं की ॲपलशी बोलणी २०११ च्या अखेरीपासून चालू होती. सुरुवात विकत घेण्यापासून झालीच नव्हती, तंत्रज्ञान वापरायला देण्याच्या करारापासून झाली. त्यात जमेना, तेव्हा गाडी खरेदीवर आली. इतके महिने हे चाललं आणि बाहेर मागमूस नाही. तुमच्या बाबतीत मात्र नाशिकपासून नागपूरपर्यंत हजारो लोकांच्या मोबाइलवर 'आतली बातमी' आहे. गोपनीय सौदा असा दवंडी पिटत होत नसतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ॲपलने सेन्सर नुसते विकत का घेतले नाहीत? शेअर बाजारात हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण घेणाऱ्याच्या संचालक मंडळात पहिला हाच येतो. दूध हवं असेल तर गोठा कशाला घ्यायचा? ॲपलचं उत्तर असं दिसतं की त्यांना ते तंत्रज्ञान बटणाच्या आत, स्वतःच्या चिपशी जोडून हवं होतं, ठरलेल्या फोनमध्ये हवं होतं, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हातात नको होतं. गोठा घ्यायला कारण होतं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, टचपॅड बनवणाऱ्या सिनॅप्टिक्सने व्हॅलिडिटी नावाची ठशांचे सेन्सर बनवणारी खासगी कंपनी घेतली. ॲपलने वाट दाखवल्यावर बाकीच्या फोनवाल्यांनाही तसंच काहीतरी हवं होतं, हे त्यामागचं साधं गणित. त्या सौद्यातली एक गंमत: लगेच द्यायचे होते ९.२५ कोटी डॉलर, आणि पुढे धंदा ठरल्याप्रमाणे चालला तर आणखी १६.२५ कोटींपर्यंत. मथळ्यात मात्र बेरीज छापली जाते. अफवेतला आकडा ऐकलात तर त्यातले रोख किती आणि 'पुढचं पुढे' किती, हे कुणीच सांगत नसतं.

आता तुमच्या कंपनीबद्दल हाच प्रश्न विचारा. घेणाऱ्याला ही कंपनी न घेता तेच काम भागवता येईल का?

इथे मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. नाव अर्थातच नाही. भोसरी एमआयडीसीतली एक लिस्टेड कंपनी, हजेरीची यंत्रं बनवणारी. वरच्या मजल्यावर असेंब्ली, खाली रिकाम्या खोक्यांची थप्पी. मालकांनी आम्हाला डेमो दिला. ते स्वतः, त्यांचा अकाउंटंट, रिसेप्शनवरची मुलगी, सगळ्यांची बोटं एका फटक्यात हिरवी. मी म्हटलं, खाली टेम्पो भरणारे जे दादा आहेत त्यांना बोलवा. ते आले, अंगठा पँटला पुसला, ठेवला. लाल. पुन्हा लाल. पाचव्या वेळी हिरवा. मालक म्हणाले, "घाम असतो हो यांच्या हाताला." पण हजेरीचं यंत्र ज्यांच्यासाठी असतं त्यांचीच बोटं सिमेंटने, उसाने, पोत्यांनी झिजलेली असतात! एसीत बसणाऱ्यांचे ठसे कुठलंही यंत्र घेतं.

मग आमच्या इंजिनिअरने चार स्क्रू काढून यंत्र उघडलं. सेन्सर बाहेरचा, तयार मॉड्यूल. ठसा जुळवणारं सॉफ्टवेअर, ज्याला धंद्यात एसडीके म्हणतात, तेही परदेशी कंपनीचं, दर यंत्रामागे परवाना शुल्क देऊन घेतलेलं. स्वतःचं म्हणावं तर डबा, मराठी-हिंदी बोलणारा आवाज आणि वरचा स्टिकर. यात कमीपणा काहीच नाही, देशातला बराच धंदा असाच चालतो आणि विक्री-दुरुस्तीचं जाळं उभं करणं ही खायची गोष्ट नाही. पण विकत घेणारा 'तंत्रज्ञान' म्हणून किंमत मोजायला आला असेल, तर त्याने काय न्यायचं?

शेवटची माशी करारात शिंकली. त्या एसडीकेच्या परवान्यात एक कलम होतं: कंपनीची मालकी बदलली तर परवाना आपोआप चालू राहणार नाही, नव्याने संमती घ्यावी लागेल. म्हणजे कंपनी ताब्यात घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्रात ठसे जुळवण्याचा हक्कच लटकता. संमतीसाठी मागितलेली रक्कम ऐकून आमच्या अशिलाने आधी भाव पाडला, मग काढता पाय घेतला.

आणि आता जे सांगतो ते तुमच्यासाठी. आमची ये-जा चालू असतानाच त्या कंपनीचा शेअर चढत होता. कुठून तरी कंडी पिकली होती. म्हणजे अफवा खरी होती! घेणारा होता, बोलणी चालू होती, आम्ही कारखान्यात बसून चहा पीत होतो. आणि तरीही सौदा झाला नाही, शेअर जिथून चढला त्याच्याही खाली आला. अफवा खोटी निघाल्यामुळेच पैसे बुडतात असं नाही. खरी असूनही बुडतात.

खोट्या अफवेचं उदाहरण हवं तर स्वीडनचं घ्या. ११ ऑक्टोबर २०१३. फिंगरप्रिंट कार्ड्स नावाच्या कंपनीला सॅमसंग ६५ कोटी डॉलरला घेणार, असं एक प्रसिद्धीपत्रक अधिकृत वाटणाऱ्या वाटेने बाहेर आलं. शेअर पाहता पाहता जवळपास ५० टक्के उडाला, व्यवहार थांबवावे लागले. कंपनी म्हणाली, हे पत्रक आमचं नाही. सॅमसंगनेही नाकारलं. पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. त्याच कंपनीचे सेन्सर नंतर खरोखर अँड्रॉइड फोनमध्ये धडाधड जाऊ लागले आणि २०१५ मध्ये तिचा शेअर कितीतरी पटींनी वाढला, कुणीही विकत न घेता, निव्वळ ऑर्डरींच्या जोरावर. आणि मग स्पर्धा वाढली, सेन्सरचे भाव कोसळले, तसा शेअरही उतरला. बायआउटची वाट बघत बसलेल्याने यात नेमकं कधी घ्यायचं आणि कधी विकायचं ठरवलं असतं, देव जाणे.

हे झालं परदेशाचं. आपल्याकडे सौदा खरंच झाला तर तुमच्या हातात काय पडेल, ते कशा प्रकारे घेतात यावर अवलंबून आहे. मेसेज पाठवणारे यातलं काहीच सांगत नाहीत.

समजा घेणाऱ्याने प्रवर्तकांचा हिस्सा घेतला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांनुसार २५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की उरलेल्या भागधारकांना ओपन ऑफर, म्हणजे त्यांचेही शेअर ठरावीक भावाने घेण्याचा जाहीर प्रस्ताव, द्यावी लागते, किमान २६ टक्के शेअरसाठी. २६ टक्के, सगळ्यांसाठी नाही. तुमच्या कंपनीत प्रवर्तकांकडे ४४ टक्के आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे जनतेकडे ५६. सगळ्यांनी शेअर देऊ केले तर प्रमाणात घेतले जातील: ५६ पैकी २६. तुमच्या १२०० पैकी साधारण ५५७ जातील, ६४३ तुमच्याकडेच राहतील. ऑफर संपल्यावर त्या ६४३ चा भाव काय असेल, ते तेव्हाचा बाजार ठरवेल.

आणि ऑफरची किंमत? लोकांना वाटतं ती आजच्या भावावर प्रीमियम असेल. तसा नियम नाही. प्रवर्तकांशी ठरलेला भाव, नियमित व्यवहार होणाऱ्या शेअरच्या बाबतीत आधीच्या ६० व्यवहारदिवसांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी, घेणाऱ्याने आधी काही शेअर घेतले असतील तर ते भाव, यांतला सर्वांत जास्त आकडा हा किमान. तुमचा शेअर गेले तीन महिने ७० च्या आसपास रेंगाळत होता, फक्त शेवटच्या पाच दिवसांत उडाला, आणि अप्पर सर्किटला विकणाराच नसतो म्हणून त्या दिवसांत उलाढालही किरकोळ. म्हणजे सरासरी ७५ च्याही खाली बसू शकते. ९० चा शेअर आणि ७८ ची ओपन ऑफर, हे चित्र आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही. बायआउट होऊनही ९० ला घेणारा रडतो, तो इथे.

दुसरी वाट म्हणजे घेणारा शेअरना हात न लावता फक्त धंदा उचलतो. स्लंप सेल. पैसे कंपनीच्या खात्यात जातात, तुमच्या नाही. कंपनीने लाभांश दिला तर तुम्हाला, नाही तर रोकड धरून बसलेली पोकळ कंपनी आणि तिचे तेच प्रवर्तक. यासाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो, आणि २०२३ पासून सेबीने सार्वजनिक भागधारकांच्या बहुमताचीही अट घातली आहे, तेवढा दिलासा. तिसरी वाट विलीनीकरणाची, त्यात रोख नाही, घेणाऱ्या कंपनीचे शेअर मिळतात. एनसीएलटीच्या, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणाच्या, तारखा पडत जातात, बाकी त्यावर वेगळं बोलण्यासारखं नाही.

वेळेचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. अमेरिकेतली एल-वन आयडेंटिटी सोल्यूशन्स आठवते का? आधार प्रकल्पासाठी २०१० मध्ये बायोमेट्रिकचं काम मिळालेल्या तिघांपैकी ती एक. ॲक्सेंचर दुसरी, महिंद्रा सत्यम आणि मॉर्फो ही जोडी तिसरी. मॉर्फो ही तेव्हा फ्रान्सच्या साफ्रानची. त्याच साफ्रानने सप्टेंबर २०१० मध्ये एल-वन घेण्याचं जाहीर केलं, शेअरमागे १२ डॉलर. सौदा पूर्ण झाला जुलै २०११ मध्ये. सरकारी ओळखपत्रांचं काम परदेशी कंपनीकडे जाणार म्हटल्यावर अमेरिकेच्या सरकारने बारकाईने तपासणं ओघाने आलंच. दहा महिने गेले, आणि हे सही झालेल्या सौद्याचे दहा महिने. तुमच्या कंपनीचा निम्मा धंदा सरकारी खात्यांचा असेल, तर येणी किती दिवसांची थकलेली आहेत आणि कंत्राटं मालक बदलल्यावर टिकतात का, हे कुठलाही घेणारा महिनाभर उकरत बसेल. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर सर्व्हरवर पडून असलेले लाखो ठसे ही मालमत्ता की जोखीम, यावर दोन्ही बाजूंचे वकील आठवडे खातात.

आतापर्यंतचं थोडक्यात: घेणाऱ्याला कारण असलं पाहिजे, त्याला घेता येण्यासारखं आत काहीतरी असलं पाहिजे, आणि हे दोन्ही असूनही पैसे तुमच्यापर्यंत पोचतीलच असं नाही.

आता तुमच्या ८०० शेअरचं गणित, अगदी साधं. अफवेआधीचा भाव ७१. मोठ्या मनाने धरू की सौदा ११० ला होतो, म्हणजे ७१ वर साधारण ५५ टक्के, ऑथेंटेकच्या तोडीचं. आजचा भाव ९०.५०. झालं तर १९.५० मिळतील, फिसकटलं आणि भाव परत ७१ ला आला तर १९.५० जातील. म्हणजे आज घेणारा माणूस सौदा होण्याची शक्यता निम्मी तरी आहे यावर पैसे लावतोय, तोही सगळ्यात चांगल्या ऑफरची कल्पना करून. टेलिग्रामवरच्या निनावी मेसेजला मी दहात एक गुणही देणार नाही. आणि फिसकटलं तर भाव ७१ वर सभ्यपणे थांबेल, हेही गृहीत धरू नका. चढताना जसं विकणारा नव्हता, तसं उतरताना घेणारा नसतो. लोअर सर्किटला ऑर्डर टाकून बघत बसावं लागतं.

एक बाजू कायद्याचीही आहे. समजा मेसेज पाठवणारा खरंच कंपनीतला आहे आणि बातमी खरी आहे. मग ती जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती झाली, आणि तिच्यावर व्यवहार करणं इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांत येतं. ज्याच्यापर्यंत अशी माहिती पोचली तोही त्यात अडकू शकतो. म्हणजे टीप खोटी तर तुम्ही फसलात, खरी तर सेबीची नोटीस. 'सर, कंपनीतला माणूस सांगतोय' हे वाक्य ऐकून लोक खूश होतात. मी ते ऐकलं की ग्रुप सोडतो.

'मग कंपनी नाकारत का नाही' असंही तुम्ही विचारलंय. अफवांचा खुलासा करण्याचं बंधन सेबीने १ जून २०२४ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० ना घातलं. तुमची कंपनी त्यांच्या आसपासही नाही. भाव असा उडाल्यावर एक्स्चेंज मात्र खुलासा मागू शकतं. बीएसईच्या साइटवर कंपनीच्या घोषणांमध्ये तो आलाय का बघा. त्यात 'अशी कोणतीही माहिती आमच्याकडे प्रलंबित नाही' छापाचं वाक्य असेल तर ते गांभीर्याने घ्या. गप्प बसणं म्हणजे होकार, हा नियम लग्नाच्या बोलणीत चालतो, शेअर बाजारात नाही.

माझ्या स्वतःच्या पैशांपुरतं विचाराल तर अशा वेळी नवीन शेअर मी घेत नाही. आधीचे असतील आणि कंपनीचा धंदा बघून घेतलेले असतील, तर अफवेने जेवढं जास्तीचं दिलंय त्याचा मान ठेवून काही विकतो, मूळ गुंतवणुकीइतकं तरी. तुमच्या बाबतीत ती ७४,४०० रुपये, म्हणजे ९० च्या आसपास सव्वाआठशे शेअर. बाकीचे ठेवायचे की नाही हे तुमची गरज, करांचा हिशेब आणि रात्रीची झोप यावर. तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी मुलीच्या कॉलेजची फी आहे. ते वाचून तरी मी ८०० शेअर घ्यायला सांगणार नाही.

आणि एक करून बघा, फुकट आहे. कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. खर्चाच्या तक्त्यात परवाना शुल्क किंवा रॉयल्टी किती दाखवलंय, त्यातलं परकीय चलनात किती गेलंय, आणि संशोधनावर किती खर्च झालाय, हे तीन आकडे शेजारी मांडा. पहिले दोन मोठे आणि तिसरा नावापुरता असेल, तर भोसरीतला तो उघडलेला डबा आठवा. तिसरा आकडा दणदणीत असेल, स्वतःची पेटंट असतील, एसडीके स्वतःचा असेल, तर मात्र मला परत लिहा. मग मलाही त्या कंपनीत रस आहे, कुणी विकत घेवो वा न घेवो.